घोडीच्या वतीने

उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी जे शुभवर्तमान वाचलं जातं ते संत मत्तयच्या अठराव्या अध्यायातलं. पेत्र प्रभूला विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा पुरे का. प्रभूचं उत्तर तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. गेली सतरा वर्षं मी आमच्या फिर्गजेतल्या मुलांना हा उतारा शिकवते आहे. फळ्यावर सत्तर गुणिले सात लिहायचं, मुलांनी हिशेब करून ४९० सांगायचं, आणि मग मी डस्टरने तो आकडा पुसून टाकायचा, कारण क्षमेचा हिशेब ठेवायचा नसतो. मुलांना ते पुसणं फार आवडतं. मलाही आवडायचं.

यंदा त्या मंगळवारी मी संध्याकाळच्या मिस्साला बसले होते आणि वरच्या वाड्यावरून ढोल-ताशांचा आवाज येत होता. शिगम्याचे दिवस. फादरांनी खिडक्या लावून घ्यायला सांगितलं नाही, हे मला बरं वाटलं. आमच्याकडे, म्हणजे पेडणे, डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत, शिगम्याला घोडेमोडणी असते. वसईच्या आणि मुंबईच्या वाचकांसाठी सांगते: घोड्याचं लाकडी तोंड आणि मान असलेला सांगाडा नाचणारा कमरेला बांधतो, त्याला फुलांनी आणि रंगीत कापडांनी सजवतो, डोक्याला फेटा, पायांत घुंगरू, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तलवार. पुढे झेपावायचं, मागे हटायचं, पुन्हा झेपावायचं. राण्यांनी पोर्तुगिजांना दिलेल्या लढतींची आठवण म्हणून हा नाच सांगितला जातो. माझं माहेर सावंतवाडीचं. पेडणं १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेलं, त्याआधी ते आमच्या वाडीकर भोसल्यांचंच होतं, म्हणून इथे लग्न होऊन आले तेव्हा मला परक्या मुलखात आल्यासारखं वाटलं नाही. मिस्सा कोकणीत, मुलांच्या शाळेची पुस्तकं मराठीत, आणि शिगम्याचा ढोल दोन्हीकडे सारखाच. घोडेमोडणी बघायला मी दरवर्षी मुलांना घेऊन जायचे.

आता तो ढोल ऐकला की मला लाकडी घोडा दिसत नाही. चांदणी दिसते.

चांदणी आमच्या वाड्यावरची घोडी. तिच्या मालकाचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे आणि त्याची मुलगी माझ्याच वर्गात बसते. तो आमच्याच फिर्गजेतला, रविवारी डावीकडच्या चौथ्या बाकावर बसणारा माणूस. नोव्हेंबर ते मे तो घोडीवर पोट भरायचा. डिचोली, साखळी, कधी सावंतवाडीपर्यंत नवरदेवाच्या वरातीला घोडी न्यायची, आणि वराती नसतील तेव्हा किनाऱ्यावर नेऊन पर्यटकांच्या मुलांना बसवून फोटो काढू द्यायचे. भरजरी झूल, कपाळावर गोंडे, गळ्यात घुंगरांची माळ. माझ्या धाकट्या दिराच्या लग्नात आमच्या माटवासमोर तीच नाचली होती.

जून लागला की काम बंद. घोडीला पावसाळ्याची सुट्टी मिळते, पण तिच्या पोटाला मिळत नाही. हे मला तेव्हा कळत नव्हतं. आपण गावातली माणसं गाय-म्हैस जाणतो. गाय सोडली तर ती दुसऱ्याच्या बांधावर का होईना, चरून येते. आखूड दोरीने बांधलेल्या घोडीला समोर कोणी टाकेल तेवढंच. पुढे पशुवैद्यांनी मला हिशेब सांगितला. घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडी वैरण लागते. चांदणीसारख्या तीनशे किलोच्या घोडीला सहा किलो, त्यावर पंचवीस-तीस लिटर पाणी, आणि सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापायला नालबंद. नालबंद आमच्या तालुक्यात मिळणं किती कठीण आहे ते निराळंच.

तीन वर्षांपूर्वीच्या सांजांवला, २४ जूनला, माझ्या वर्गातली मुलं डोक्यावर कोपेलं घालून विहिरी पालथ्या घालत फिरत होती. त्यांना ती सापडली. पडक्या मांगराच्या मागे, फणसाच्या झाडाला हातभर दोरीने बांधलेली, स्वतःच्या चिखलात घोट्यापर्यंत उभी. मुलं मला बोलवायला आली तेव्हा त्यांच्या डोक्यांवरची कोपेलं नव्हती. मला वाटलं विहिरीत पडली असतील. जाऊन बघते तर चांदणी त्या कोपेलांची शेवटची पानं चावत होती. फणसाची साल तिच्या तोंडाच्या उंचीपर्यंत कुरतडलेली होती. बरगड्या मोजता येत होत्या. मुलांनी त्या मोजल्याही. खूर पुढे चपलेसारखे वाढून वाकले होते आणि त्यांना कुजल्याचा वास येत होता. मी तिच्या मानेवर हात ठेवला तर कातडीचे केस ओल्या पुठ्ठ्यासारखे हाताला चिकटून आले.

मग आमच्या बायकांनी जे केलं ते सगळ्या गावांतल्या बायका करतील. कोणी पातेलंभर भात आणला, कोणी भिजवलेले चणे, कोणी गूळ. पशुवैद्य वेळेवर पोचले म्हणून बरं. त्यांनी ते सगळं बाजूला करायला लावलं. उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम धान्य घातलं तर तो त्यानेच मरू शकतो, ओकून टाकायची सोय देवाने त्याला दिलेली नाही. गवत द्या, थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा, असं त्यांनी सांगितलं. भाताचं पातेलं घरी परत नेताना एक म्हातारी शेजारीण रागाने म्हणाली, "जनावराक खावक घातला तरी पाप?"

घोडीला तालुक्याबाहेरच्या एका प्राण्यांच्या आसऱ्यात हलवलं. तिसऱ्या दिवशी मालक माझ्या दारात. भिजलेला, दाढी वाढलेली. कोणाला तरी वैरणीचे पैसे दिले होते, त्याने ते खाल्ले, मी मुंबईला होतो, असं काहीबाही सांगितलं आणि मग रडला. "टीचर, चूक झाली गे. पोरीची शपथ, परत असा होवचा नाय." मोठा माणूस आपल्या उंबऱ्यावर रडतो तेव्हा आपण विरघळतो. त्यात मी कॅटेकिस्ट. पश्चात्तापी पापी दारात आल्यावर काय करायचं हे मी मुलांना शिकवते.

चौकीवर गुन्हा नोंदवायचा की नाही हा प्रश्न अजून उघडाच होता. मी तिथे गेले आणि त्याच्यासाठी शब्द टाकला. गावात मिटवू, माणूस पस्तावला आहे, मी हमी देते. त्याच्याकडून एका कोऱ्या कागदावर लिहून घेतलं की यापुढे नीट सांभाळीन, खाली त्याची सही आणि साक्षीदार म्हणून माझी. सप्टेंबरमध्ये चांदणी परत आली, अंगाने भरलेली, खूर कापलेले. त्या रविवारी वर्गात मी ही गोष्ट क्षमेचं उदाहरण म्हणून सांगितली. त्याची मुलगी पहिल्या रांगेत होती. मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं, हे इथे कबूल करते.

पुढच्या जुलैत चांदणी त्याच फणसाखाली मेली.

त्याचं वर्णन मला करायचं नाही. पाऊस इतका होता की खड्ड्यात पाणी भरत होतं आणि जेसीबीवाला वैतागला होता. पशुवैद्य कागद लिहीत होते. त्यांनी मला सहज विचारलं, "मागच्या वेळची केस कुठल्या नंबरची?" मागच्या वेळची केस नव्हतीच. मीच ती होऊ दिली नव्हती.

मी अर्थशास्त्र-कायदा शिकलेली नाही, मराठी घेऊन बी. ए. झाले. पण त्या आठवड्यात मी प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पहिल्यांदा वाचला. जनावराच्या मालकाने त्याला पुरेसं खायला, प्यायला, निवारा न देणं हा कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी दहा रुपये आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये. मी छापील चूक असेल म्हणून पुन्हा वाचलं. पन्नास रुपयेच. १९६० साली ती रक्कम काही असेल, आज पेडण्याच्या बाजारात तेवढ्यात दोन माणसांचं धड चहा-भजी होत नाहीत. पण त्याच कलमात पुढे आहे, की आधीच्या गुन्ह्यानंतर तीन वर्षांच्या आत पुन्हा केला, तर पंचवीस ते शंभर रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे पैशाने कितीही दुबळा असला तरी हा कायदा एक गोष्ट जाणतो. एकदा चुकलेला आणि पुन्हा पुन्हा चुकणारा यांत तो फरक करतो. फक्त त्यासाठी पहिली वेळ कुठेतरी लिहिलेली असावी लागते. आमची पहिली वेळ लिहिलेली नव्हती. म्हणून चांदणीचा मृत्यू हा कागदोपत्री त्याचा पहिला गुन्हा ठरला. त्याने तो कबूल केला, पन्नास रुपये भरले आणि दुपारच्या बसने घरी आला.

आकडा मी पुसला होता. फळ्यावरचा नव्हे, खरा.

गावाने काय केलं? दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही मला आता सारख्याच वाटतात. अर्ध्या गावाने खांदे उडवले. घोडी त्याची, नशीब तिचं, आणि "त्येकाय पोट आसा". उरलेल्यांतल्या तरुण पोरांनी त्याचा व्हिडिओ केला, शिव्या घालून मोबाईलवर फिरवला, एका रात्री त्याच्या घरावर दगड मारले. व्हिडिओत त्याच्या मुलीच्या शाळेचं नाव होतं. ती दोन आठवडे शाळेत गेली नाही आणि माझ्या वर्गातही आली नाही. त्या पोरांपैकी दोघे सांजांवला कोपेलं खाऊ घालणाऱ्यांतले होते. त्यांना मी ओरडले, तेव्हा त्यांतला एक म्हणाला, "मग तुमी काय केलात, टीचर?" मी गप्प झाले. पुढे नोव्हेंबरात मालकाने डिचोलीकडून एक तांबडा शिंगरू आणला. दगड मारणाऱ्यांपैकी एकालाही त्याचं काही वाटलं नाही. त्यांचा राग ऑगस्टमध्येच संपला होता.

असं फक्त एका घोडीवाल्याचं आणि एका वाड्याचं होतं असं समजू नका. आपल्याच लोकांचं, सासष्टीतल्या ख्रिस्ती गावांचं उदाहरण घ्या. धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, कापणीनंतर आणि चर्चच्या फेस्तालाही व्हायच्या. १९९६ साली झुंजीतल्या बैलाने एका माणसाचा जीव घेतला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं आणि त्या डिसेंबरात झुंजींवर बंदी आली. बंदीनंतरही धिरयो लपूनछपून होतच राहिले. फोनवर निरोप जातात, पहाटेच्या शेतात माणसं जमतात, पोलीस येईपर्यंत शेत रिकामं. अधूनमधून ते कायदेशीर करा म्हणून विधानसभेतही मागणी होते. तिथे पुन्हा पुन्हा गुन्हा करणारा कोणी एक माणूस नाही, अख्खं गाव आहे, आणि फेस्ताच्या मिस्साला पुढच्या बाकांवर बसतं. त्याला कोण कोणाच्या वतीने क्षमा करणार?

मुंबईच्या व्हिक्टोरियांचं उलट झालं. त्या सजवलेल्या घोडागाड्यांविरुद्ध २०११ मध्ये एक जनहित याचिका दाखल झाली. घोड्यांना शहराच्या कडक रस्त्यावर पळवायचं आणि कोंदट, विनापरवाना तबेल्यांत ठेवायचं, हे नियम असूनही वर्षानुवर्षं चाललं होतं. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की केवळ माणसांच्या मौजेसाठी चालणाऱ्या या गाड्या बेकायदा आहेत, एका वर्षात बंद करा. पण त्याच निकालात सरकारला सांगितलं की गाडीवाल्यांच्या आणि मालकांच्या पुनर्वसनाची योजनाही करा. मला त्यातलं हे 'आणि' महत्त्वाचं वाटलं. घोडा काढून घेतला आणि माणसालाही रस्त्यावर सोडलं नाही. योगायोग असा की त्याच महिन्यात, १८ जूनला, पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध झालं. आपल्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४१८ व्या परिच्छेदाची त्यात आठवण करून दिली आहे, की जनावरांना विनाकारण यातना देणं हे माणसाच्याच प्रतिष्ठेला बाधा आणणारं आहे. इतकी वर्षं शिकवते, पण तो परिच्छेद मी वर्गात कधी घेतला नव्हता. परीक्षेला येत नाही ना.

शिंगरू आल्यावर मी मत्तयचा अठरावा अध्याय पुन्हा काढला. या वेळी एकविसाव्या ओवीपासून नाही, सुरुवातीपासून. आपल्या सगळ्यांची खोड असते, आवडता भाग तेवढा वाचायचा.

पहिली गोष्ट मला दिसली ती पेत्राच्या प्रश्नात. तो विचारतो ते स्वतःविरुद्ध केलेल्या अपराधाबद्दल. माझ्या भावाने *माझा* अपराध केला तर. त्या माणसाने माझा कोणता अपराध केला होता? माझ्या उंबऱ्यावर खोटं बोलला, तेवढा. तेवढी क्षमा माझ्या हातात होती. उपाशी मी नव्हते. खूर माझे कुजले नव्हते. मी क्षमा केली ती घोडीच्या वतीने, तिला न विचारता, आणि तिच्या खर्चाने.

दुसरी गोष्ट, पेत्राच्या प्रश्नाच्या जरा आधी प्रभूने पायऱ्या घालून दिल्या आहेत. भाऊ चुकला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांगायचं. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जायचं, म्हणजे शब्दाला साक्षीदार राहतील. तरीही नाही, तर मंडळीला सांगायचं. मी यांतली एकही पायरी चढले नव्हते. चुकीबद्दल त्याच्याशी बोललेच नव्हते, नुसतं त्याचं रडणं ऐकलं होतं.

आणि तिसरी गोष्ट अध्यायाच्या शेवटी, निष्ठुर चाकराच्या दाखल्यात. राजाने कर्ज माफ केलेला चाकर बाहेर जाऊन दुसऱ्याचा गळा धरतो. हे राजाला कळतं कसं? सोबतचे चाकर ते बघतात, त्यांना फार दुःख होतं, आणि ते जाऊन धन्याला सगळं सांगतात. एकतिसावी ओवी. इतक्या वर्षांत मी या चाकरांबद्दल मुलांना एक शब्द सांगितला नव्हता. त्यांना कोणी चुगलखोर म्हटलेलं नाही. क्षमेच्या सगळ्यात मोठ्या दाखल्यात बघणारे आणि सांगणारे लोक आहेत, आणि ते नसते तर दुसऱ्याचा गळा तसाच आवळलेला राहिला असता.

जुन्या करारात बलामाची गाढवी आहे. तो तिला मारतो, एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. परमेश्वर गाढवीला वाचा देतो तेव्हा ती पहिली तक्रार करते ती आकड्याची, की हे तू तीन वेळा मारलंस. मग देवदूतही तोच आकडा उच्चारतो. गणना, बावीसावा अध्याय, वाचून बघा. म्हणजे गाढवीच्या पाठीवरचे फटके वर कोणीतरी मोजत होतं.

मग मी पायऱ्या चढले. डिसेंबरात एकटी गेले. त्याने बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि घोडा माझा आहे असं सांगितलं. जानेवारीत दोघांना घेऊन गेले, शाळेतले निवृत्त मास्तर आणि वरातीची कामं देणारा बँडवाला. बँडवाल्याचा उपयोग माझ्यापेक्षा जास्त झाला. त्याने सरळ सांगितलं की शिंगराच्या अंगावर मांस नसेल तर डिचोलीत कुठल्याच वरातीला त्याला बोलावणार नाही, आणि बाकी बँडवाल्यांनाही कळवेन. तिसरी पायरी फादरांच्या खोलीत झाली. वाड्यावरचे हिंदू शेजारीही आले होते, कारण घोडा काही फिर्गजेचा नव्हता, गावाचा होता. प्रवचनात नाव घ्यायचं नाही हे फादरांनी आधीच ठरवलं. मास्तरांनी एक वही सुचवली. दर शनिवारी दोघांनी जायचं, एक चर्चमधला, एक वाड्यावरचा. छातीचा घेर फितीने मोजायचा, वैरण किती आहे, पाणी आहे का, खूर कसे, ते लिहायचं, आणि खाली मालकाची सही घ्यायची. पावसाळ्यात वैरण परवडत नसेल तर आधी सांगायचं, गाव पेंढा आणि गवत देईल. हे त्याला तीनदा सांगितलं. खरंच दिलंही असतं. मे महिन्यात सहा घरांनी गवताच्या पेंढ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या.

त्याने एकदाही मागितलं नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही. लाज असेल. दारूही होती, पण सगळं दारूवर ढकलता येत नाही, कारण तो शिंगराला आवाज द्यायचा तेव्हा शिंगरू मान वर करायचा. प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी घेर चार बोटं कमी. तिसऱ्या शनिवारी त्याने सही दिली नाही. चौथ्या शनिवारी शिंगरू फणसाखाली होता. या वेळी आम्ही भात घेऊन धावलो नाही. पशुवैद्यांना फोन, फोटो, वहीची प्रत, आणि चौकीवर नोंद. माझ्या हाताने अर्ज लिहिला, खाली माझी सही, मागच्या वेळसारखीच जागा. त्याने माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही.

कायद्याच्या २९ व्या कलमात न्यायालयाला जनावर काढून घेता येतं, पण जनावर मालकाकडेच राहिलं तर त्याचे पुन्हा हाल होतील, हे पुराव्याने दिसावं लागतं: आधीची शिक्षा, किंवा मालकाची वागणूक, किंवा जनावराला कसं ठेवलं होतं ते. आधीची शिक्षा होती, पन्नास रुपयांची. आणि वही होती. शिंगरू आता घाटावर एका माणसाकडे आहे, त्याच्याकडे आणखी दोन घोडे आहेत आणि कोरडी जमीन आहे. मालकाला जनावर बाळगायलाच बंदी घालावी असं मास्तरांचं म्हणणं होतं. त्याच कलमात तशी तरतूद आहे, पण जिथे ते जनावर पाळायला परवाना लागतो अशाच भागातल्या गुन्ह्याला ती लागू. आमच्या वाड्यावर तिचा उपयोग झाला नाही.

बँडवाल्याने त्याला माटव उभारण्याच्या कामावर घेतलं. बांबू, कापड, खुर्च्या. रोज मिळतो, पावसाळ्यात कमी. तो चौथ्या बाकावरच बसतो. मिस्सात शांतीचा नमस्कार करताना मी त्याच्याकडे वळते, तो हात जोडतो, बघत मात्र नाही. मला फसवल्याचं मी सोडून दिलं, ते त्याला एकदा स्पष्ट सांगितलंही. चांदणीचं मी त्याला काही सांगू शकत नाही. ते तो कुमसाराला फादरांना सांगत असेल, तिथे माझं काम नाही. त्याची मुलगी या वर्षी वर्गात परत आली. पहिल्या रांगेत नाही, मागे बसते. एकदा सगळे गेल्यावर तिने विचारलं, "टीचर, शिंगरू पप्पांना वळखतलो?" मी सांगितलं, घोडे माणूस विसरत नाहीत म्हणतात. ते ऐकून तिला बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही.

तर त्या मंगळवारी मिस्सा संपली आणि मी फोन चालू केला. बँडवाल्याचे दोन फोन येऊन गेले होते. मी लावला. तो म्हणाला, तुमचा माणूस आज कामावर आला नाही, साखळीला एकाकडे घोडी विकायची आहे, तिथे बघायला गेलाय असं ऐकलं. स्वस्तात देतायत म्हणे, पाय अधू आहे.

मास्तरांना उचललं, पशुवैद्यांना निरोप ठेवला आणि कपाटातली वही घेऊन स्कूटर काढली. त्याच्याशी नक्की काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं. विकणाऱ्याला वही दाखवायची एवढंच डोक्यात होतं. तिठ्यावर घोडेमोडणी आडवी आली. पोलिसांनी दोन्हीकडची वाहनं थांबवली होती. फुलांनी मढवलेले नऊ-दहा लाकडी घोडे पुढे झेपावत होते, मागे हटत होते. मास्तर मागे बसून घड्याळ बघत होते. मी स्कूटर बंद केली, वही पावसाळी पिशवीत होती ती नीट डिकीत आहे ना ते पाहिलं, आणि शेवटचा घोडा जाईपर्यंत थांबले.